शून्याची चूक आणि ‘फुकटचे लेखक’

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्याकडे चार गटांतून आला. दोन गट शिक्षकांचे, एक आमच्या कॉलनीचा आणि एक चक्क तालमीचा. (तालमीच्या गटात पाठ्यपुस्तकांवर वाद रंगावा, ही एरवी पेढे वाटण्याजोगी गोष्ट.) मथळा होता, ‘फुकटची पुस्तकं, फुकटचे लेखक: पालकांनो, सावध व्हा’. आतला गोषवारा असा. हौशी मंडळी मिळून इंटरनेटवर जी मुक्त पाठ्यपुस्तकं लिहितात, ती कोणीही बदलू शकतो, म्हणून ती भरवशाची नाहीत. त्यातल्या चुकांना कोणी जबाबदार नसतं. पोरांना सेवेच्या नावाखाली राबवून परदेशी संस्था गब्बर होतात. जगातल्या कुठल्याही सरकारने असली पुस्तकं शाळेत आणलेली नाहीत. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, मग हा उद्योग कशाला? आणि शेवटी ठसक्यात, ‘फुकटाला किंमत नसते’.

मी त्या फुकट्यांपैकीच एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच्या घरी दर रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमतो आणि आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांसाठी लेथ (धातू कातायचं यंत्र) आणि मापन या विषयांचं मराठी पुस्तक लिहितो. विकिपीडियाचं पाठ्यपुस्तकांसाठीचं भावंड असलेल्या विकिबुक्सच्या पद्धतीनं, सगळ्यांना दिसेल आणि सगळ्यांना बदलता येईल असं. त्यामुळे मी तटस्थ नाही. पण आतला असल्यामुळे नेमकं कुठे दुखतं तेही मला माहीत आहे, आणि या मजकुरानं दुखऱ्या जागेवर बोटच ठेवलेलं नाही.

पहिला आक्षेप, कोणीही बदलू शकतो. खरं आहे. आमच्याच पुस्तकातलं घ्या. व्हर्निअर कॅलिपरच्या, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायच्या साधनाच्या, पानावर आम्ही शून्याची चूक कशी काढायची ते लिहिलं होतं. जबडे पूर्ण मिटल्यावर व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे गेलं असेल, तर चूक धन. मापातून ती वजा करायची. आमच्यातल्या एकानं घाईत ‘मिळवावी’ असं लिहिलं, दुसऱ्यानं वाचून मान डोलावली, आणि पान अकरा दिवस तसंच राहिलं. बाराव्या दिवशी खातंही न उघडलेल्या कोणीतरी तो एक शब्द बदलला आणि बदलाच्या कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘सर, उलटं झालंय की हे.’

ही चूक लहान वाटते, म्हणून जरा हिशोब करू. लघुतम माप (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिलिमीटर असलेल्या कॅलिपरमध्ये जबडे मिटल्यावर व्हर्निअरची तिसरी रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेशी जुळत असेल, तर धन चूक 0.06. पोराला शाफ्ट 25.00 वर आणायचा आहे. आमचं चुकीचं पान वाचून तो 24.94 दिसताच थांबणार, कारण त्यात 0.06 मिळवले की 25.00 होतात. प्रत्यक्षात मात्र शाफ्ट 24.88 वर उतरलेला असतो. बेअरिंग त्यावर खुळखुळणार, आणि उद्यमनगरातल्या कुठल्याही शॉपमध्ये तो तुकडा सरळ भंगारात जाणार. तेव्हा चुकीचं गांभीर्य मला त्या मजकूरवाल्यानं शिकवायला नको.

पण ती चूक धरली कोणी? आमच्या दोन पदव्युत्तर शिक्षकांनी नाही. भाषेवरून तरी तो रोज कॅलिपर हातात धरणारा माणूस होता. छापील पुस्तकात ही चूक त्यालाच आधी दिसली असती, फक्त ती दुरुस्त करण्याची वाट त्याला नसती. मी शिकत असताना एका गाइडमध्ये एका गणिताचं उत्तर चुकीचं होतं. आमच्या आधीच्या तुकडीला ते माहीत होतं, आमच्या नंतरच्या तुकडीलाही. सर दरवर्षी सांगायचे, ‘तिथं पेन्सिलीनं खूण करा.’ गाइड दरवर्षी नव्या मुखपृष्ठानिशी यायचं, उत्तर मात्र जुनंच.

आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर रोज काय चालतं ते बघा. गावातलं कोणीही दूध घेऊन येतं, कोणाचं दूध घ्यायचं नाही हे आधी ठरलेलं नसतं. नमुना घेतात, फॅट बघतात, पावती फाडतात. पाणी घातलेलं दूध मोठ्या कॅनमध्ये एकदा मिसळलं, की मात्र ते परत बाहेर काढता येत नाही, म्हणून तपासणी आधी. विकीवर नेमकं उलटं चालतं, आधी ओतायचं आणि मग तपासायचं. हे चालू शकतं याचं कारण एकच, की इथे ओतलेला प्रत्येक थेंब नंतर वेगळा काढता येतो. ‘इतिहास’ पाहिला की कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यानं कुठला शब्द घातला किंवा काढला ते समोर येतं. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवता येते, आणि नको असलेला बदल एका टिचकीत उलटवता येतो. आमची व्हर्निअरची चूकही तिथे कायमची नोंदलेली आहे. लपवायची म्हटली तरी ती आमच्यापैकी कोणाला लपवता येणार नाही.

दुसरा आक्षेप, जबाबदार कोणी नाही. त्याचं अर्धं उत्तर वर आलंच. उरलेल्या अर्ध्याबाबत मजकूरवाल्याचं थोडं खरं आहे. बरेच जण टोपणनावानं लिहितात, आणि ‘सदस्य अमुकतमुक’ला तुम्ही कोर्टात खेचू शकत नाही. पण गाइडमधल्या त्या उत्तरासाठी तरी कोण कोणाला खेचायला गेलं होतं?

तिसरा आक्षेप राबवून घेण्याचा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या मुद्द्यावर मलाही राग येतो, फक्त वेगळ्या लोकांचा. विकिबुक्स 10 जुलै 2003 रोजी सुरू झालं. कार्ल विक नावाच्या एका विकिपीडियन सदस्यानं सेंद्रिय रसायन आणि भौतिकीची मुक्त पाठ्यपुस्तकं लिहायला जागा मागितली, त्यातून ते उभं राहिलं. ते चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन ना-नफा संस्था आहे आणि देणग्यांवर चालतं. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या’ या परवान्याखाली असतो. त्या परवान्यानं धंद्याला मनाई केलेली नाही, हे उघड सांगितलं पाहिजे. उद्या लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या छापखान्यानं आमचं पुस्तक छापून शंभर रुपयांना विकलं, तर आम्ही त्याला अडवू शकत नाही. त्यानं लिहिणाऱ्यांना श्रेय दिलं पाहिजे आणि विकत घेणाऱ्यालाही ते पुन्हा छापायचा तोच हक्क दिला पाहिजे, एवढंच. मालकी कोणा एकाच्या खिशात जाऊ नये, यासाठीच तर ही अट आहे.

मग राबवणं कुठे होतं? ते होतं आपल्या इथे, एकदिवसीय कार्यशाळांत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास भरायचे असतात. कुणाला तरी सुचतं, की पोरांना संगणक कक्षात बसवून ‘मराठी ज्ञाननिर्मिती’ करून घ्यावी. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी चाळीस खाती उघडली जातात, संध्याकाळी प्रमाणपत्रं. चार वाजेपर्यंत एवढा मजकूर कुठून आणायचा? पोरं हाताशी असलेल्या पुस्तकातून उतरवून काढतात. आता भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे आदल्या वर्षी निघालेल्या पुस्तकातला उतारा मुक्त पुस्तकात राहूच शकत नाही. मग आम्ही पुढचे तीन रविवार ती पानं काढत बसतो. ज्या पोरांची पानं उडाली ती परत फिरकत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांना कोणी धूळपाटीवर (विकीवरच्या सरावाच्या पानावर) चार दिवस गिरवू दिलं नव्हतं, चावडीवर (तिथल्या चर्चेच्या पानावर) प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं. त्या चाळिसांतले दोघे आमच्याकडे टिकले, त्यातली एक आता माझ्या वाक्यांवर लाल रेघा मारते.

जे टिकतात, ते का टिकतात? आमच्याकडे शेतात पैरा असतो. आज तुझ्या ऊसलागणीला मी येतो, परवा माझ्या भांगलणीला तू ये. पैशाचा व्यवहार नाही, पण कोणाचे किती दिवस फिरले ते दोन्ही घरांच्या डोक्यात पक्कं असतं. पैरा न फेडणाऱ्याला पुढच्या हंगामात कोणी विचारत नाही. याला कोणी फुकट राबणं म्हणत नाही. मी लेथच्या पुस्तकाचं एक प्रकरण लिहितो, आणि माझी मुलगी कोणी अनोळखी माणसानं लिहिलेल्या पायथन या संगणकभाषेच्या पुस्तकातून शिकते. फेड त्याच माणसाला होत नाही, एवढाच काय तो फरक.

चौथा आक्षेप, कुठल्याही सरकारने आणली नाहीत. हा सरळसरळ खोटा. दक्षिण आफ्रिकेत 2002 साली केपटाउन विद्यापीठातल्या मार्क हॉर्नर आणि त्याच्या सोबत्यांनी शाळेच्या विज्ञानाची मुक्त पुस्तकं स्वयंसेवकांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे ते काम ‘सियावुला’ या नावानं चाललं, आणि 2012 मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं त्यांची दहावी ते बारावीची गणित आणि भौतिक विज्ञानाची पुस्तकं छापून देशभरच्या शाळांत पाठवली. त्याच वर्षी अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सनं पहिली मुक्त पुस्तकं काढली. मात्र ओपनस्टॅक्सचे लेखक आणि समीक्षक मानधन घेतात. मुक्त म्हणजे हौशी असलंच पाहिजे असं नाही. मजकुरानं या दोन गोष्टींची खिचडी केली आहे.

पाचवा आक्षेप, बालभारती आहे की. आहेच, आणि 1967 पासून तिनं जे केलं त्याला तोड नाही. पण मोफत वाचायला मिळणं वेगळं आणि मुक्त असणं वेगळं. बालभारतीच्या पुस्तकातला भाग मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येत नाही. आजऱ्याच्या शिक्षिकेला त्यातल्या धड्यात भाताच्या जागी नाचणी घालून, स्वतःच्या वर्गापुरती का होईना, नवी आवृत्ती छापून वाटायची असेल तर तिला तो हक्क नाही. शिवाय बालभारती शाळेची. चक, टूल पोस्ट, टेलस्टॉक हे लेथचे भाग तिच्या वाट्यालाच येत नाहीत.

राहता राहिलं ते ठसक्याचं वाक्य, फुकटाला किंमत नसते. हे कोल्हापुरात बसून लिहायला छाती लागते. शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेव्हा ते फुकट होतं ते पोरासाठी, संस्थानच्या तिजोरीला त्याची किंमत मोजावीच लागली. आमच्या पुस्तकाचीही कोणीतरी मोजतंच. आमच्यातल्या एकीच्या घरी रविवारी संध्याकाळची भाकरी नवरा थापतो, हाही हिशोबातलाच आकडा.

आता ते दुखणं. मजकूरवाल्यानं आम्हाला एकदा विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं. मुक्त पुस्तकांचा रोग चुका हा नाही, अपुरेपणा हा आहे. विकिबुक्सवर अनुक्रमणिका दिमाखदार आणि आत निम्मी प्रकरणं रिकामी, अशी पुस्तकं ढिगानं सापडतील, आणि मराठीत तर जास्तच. दुसरा रोग सुराचा. विश्वकोशातली नोंद एकटी उभी राहू शकते, पण पाठ्यपुस्तकातलं तिसरं पान दुसऱ्यावर उभं असतं. आठ जणांनी लिहिलं की कोणी ‘लीस्ट काउंट’ म्हणतो, कोणी ‘लघुतम माप’, आणि पोराला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पान अचूक असूनही धडा वाईट असू शकतो. यावर बदल उलटवण्याची टिचकी चालत नाही. कोणीतरी एकानं सगळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत, विद्यार्थ्याच्या जागी बसून वाचावं लागतं, आणि हे कंटाळवाणं काम हौसेनं करणारा माणूस मिळत नाही. आमच्याकडे ते पाळीनं येतं, आणि पाळी आली की प्रत्येकाच्या घरी नेमकं लग्न निघतं.

यावर सोपा उपाय म्हणून एका उत्साही सदस्यानं इंग्रजी पुस्तक यंत्राकडून भाषांतर करून आणलं. त्यात ‘डेड सेंटर’, म्हणजे लेथवर कामाला आधार देणारं न फिरणारं टोक, होतं ‘मृत केंद्र’ आणि टेलस्टॉक होता ‘शेपटीचा साठा’. उद्यमनगरातून येणारे आमचे टर्नर मामा ते मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्याच परिच्छेदाला चष्मा काढून डोळे पुसू लागले. ‘ह्ये कुणाच्या तेराव्याचं हाय काय?’ त्यांनी विचारलं. मग स्वतःच पंचवीस मिनिटं सांगितलं, की डेड सेंटरला ग्रीस का लावायचं, नाही लावलं तर टोक कसं तापून जळतं, आणि आवाजावरून ते आधीच कसं ओळखायचं. आमच्यातल्या पोरीनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि आज त्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे.

मामांना टाइप येत नाही, म्हणून त्यांचं स्वतःचं खातं नव्हतं. गेल्या रविवारी ते उघडलं. आटे पाडण्याचं प्रकरण अजून कोरंच आहे, आणि ते त्यांनी अंगावर घेतलंय. म्हणाले, दिवाळीची ऑर्डर एकदा बाहेर पडू दे.