डेथ व्हॅलीत कचरा दिसत नाही, म्हणून आपणच बेशिस्त?

पावसाळा लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. लोणावळ्याच्या ट्रॅफिकचा व्हिडिओ, नाहीतर कुठल्यातरी गडावर पडलेल्या बाटल्यांचा फोटो येतो, आणि खाली कोणीतरी लिहितंच की आपल्या लोकांना शिस्तच नाही, अमेरिकेत बघा जरा. मग पुरावा म्हणून माझ्याकडे फोटो मागतात. मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहते आणि थंडी पडली की गाडीत पाण्याचे कॅन भरून वाळवंटाकडे निघणं हे आमच्या घरात ठरलेलंच आहे, त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलायचंय.

फोटो खरेच आहेत. डेथ व्हॅली म्हणजे कॅलिफोर्नियातलं वाळवंटी नॅशनल पार्क, तिथलं बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं मीठ, आणि त्यात एक वेफर्सचं पाकीट दिसत नाही. पण तिथल्या पार्किंगमध्ये काय असतं ते कोणी फोटोत काढत नाही. टॉयलेट असतं, पाण्याशिवाय चालणारं, खाली खोल टाकी आणि आत कागद ठेवलेला. सकाळी 10 नंतर उन्हात चालू नका असा उन्हाळ्यासाठीचा मोठा बोर्ड असतो, आणि तो उगाच नाहीये, याच खोऱ्यात फर्नेस क्रीकला 1913 साली 56.7 अंश तापमान नोंदलं गेलंय. रेंजर, म्हणजे पार्काची राखण करणारे कर्मचारी असतात, त्यांना काहीही विचारा, नीट उत्तर देतात, आणि नियम मोडलात तर दंडही करतात. एवढं सगळं हाताशी असल्यावर माणूस आपोआप बरा वागतो.

आणि हे सगळं काढून घेतलं की काय होतं तेही इथेच बघायला मिळालंय. डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 असे 35 दिवस सरकारचं बजेट अडकलं, शटडाऊन झालं, बरीच पार्कं उघडीच ठेवली पण बहुतेक कर्मचारी घरी. जोशुआ ट्री नॅशनल पार्कात लोकांनी जिथे रस्ताच नाही तिथे गाड्या घातल्या, कचऱ्याचे डबे ओसंडून वाहिले, आणि वर्षाला जेमतेम इंच-दोन इंच वाढणारी ती जोशुआची झाडं काहींनी चक्क तोडली. टॉयलेट साफ करायला आणि कागद ठेवायला शेवटी आजूबाजूच्या गावांतले लोक स्वतःहून आले. म्हणजे देश तोच, माणसं तीच, फक्त महिनाभर विचारणारं कोणी नव्हतं! त्यामुळे 'आपल्या रक्तातच शिस्त नाही' हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो.

आता पैशाचं. कासच्या पठारावर शंभर-दीडशे रुपये घेतात यावरून ग्रुपवर केवढी चिडचिड, की फुलं बघायचे पण पैसे का. इथे डेथ व्हॅलीत एका गाडीला 30 डॉलर पडतात, सात दिवस चालतात, आणि 2004 च्या कायद्याप्रमाणे त्यातले सर्वसाधारणपणे किमान 80 टक्के त्याच जागेवर खर्च करायचे असतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिकीट द्यायला लोकांची ना नसते हो, पण दिलेला पैसा त्याच ठिकाणी दिसायला हवा. बाकी जानेवारी 2026 पासून ग्रँड कॅन्यन, झायन अशा 11 पार्कांत बाहेरच्या देशातल्या माणसाला डोक्याला 100 डॉलर जादा लावलेत, आईबाबा आले की तेही भरायचे, त्यावरही आमच्याकडे लूट लूट झालं, पण अजिंठ्याला आपण भारतीयांकडून 40 रुपये घेतो आणि परदेशी माणसाकडून 600, तेव्हा मी त्यावर काही बोलणार नाही.

आपल्याकडे मात्र अपघात झाला की पहिली आठवते ती बंदी. जून 2024 मध्ये भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती, आणि त्यानंतर लगेच जमावबंदीचे आदेश निघाले. त्या दिवसांत ते गरजेचेही असतील, पण तरण्या पोरांना पावसात घरी बसवणारी बंदी किती शनिवार-रविवार टिकणार? पाणी वाढायच्या आधी लोकांना वर काढणारी, शिट्टी घेतलेली चार माणसं तिथे पगारावर उभी करा की.

पण म्हणून अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मी अजिबात म्हणत नाही. डेथ व्हॅली 1933 साली नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारी संरक्षित जागा झालं, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या टिंबिशा शोशोनी या मूळनिवासी लोकांना आपल्याच जमिनीचा थोडासा भाग कायद्याने परत मिळायला 2000 साल उजाडावं लागलं. ते मोकळं, निर्मनुष्य सौंदर्य आपण बघतो ना, त्याच्यामागे हे पण आहे. अॅरिझोनात द वेव्ह म्हणून लाटांसारखे लाल खडक आहेत, तिथे दिवसाला 64 जणांनाच परवाना, तोही लॉटरीने. नाजूक खडकासाठी ते ठीक, पण आपल्या गडांवर देव आहेत, वर्षाची जत्रा आहे, पायथ्याच्या वाडीतली गुरं वर चरायला जातात. तिथे लॉटरी कशी लावणार, आणि का लावावी?

या बाबतीत कासचा रस्ता मला जास्त पटतो. तिथे गावांच्या वन व्यवस्थापन समित्या तिकीट बघतात, गावातलीच मुलं फुलांजवळ उभी राहून लोकांना आत शिरू देत नाहीत. हेच गडांवर करा. पायथ्याच्या गावाला तिकीट घेऊ दे, जमा किती आणि खर्च किती ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू दे, आणि पहिला खर्च बायकांच्या टॉयलेटवर, कारण दिवसभर पाणी न पिता गड चढणाऱ्या बायका मी माझ्याच घरात बघितल्यात. मग तिकीट दोनशे करा, मी आमच्या ग्रुपवर तुमच्या बाजूने भांडेन.