बैल आळसापायी गेले नाहीत

पोळा जवळ आला की एक संदेश गटागटांत फिरतो: 'बैलांची शेती बिनखर्चाची होती. ट्रॅक्टर आला, शेतकरी आळशी झाला, त्यानं दावणीचे बैल विकले. आता सगळं यंत्र करतं आणि गाव बसून खातं.' वाचून चीड येते.

आधी 'बिनखर्चाची' हे पाहू. बैलजोडी वर्षभर खाते, काम मात्र हंगामापुरतं. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होऊन तीन-साडेतीन एकर उरलेल्या घरानं जोडी पोसायची कशावर? ज्वारी होती तेव्हा धान्याबरोबर कडबा घरात यायचा. मराठवाडा-विदर्भात तिची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीननं घेतली. त्याच्या कुटाराला कडब्याची सर नाही, म्हणून वैरण विकत आणावी लागते. त्यापेक्षा एकराच्या हिशेबानं भाडं देऊन नांगरट करून घेतलेली परवडते.

'बैल विकले' म्हणे. थकलेला बैल विकायचा, वर थोडे पैसे घालून तरणा आणायचा, ही जुनीच रीत. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्याबद्दल मत काहीही असो, म्हाताऱ्या बैलाला बाजारात पूर्वीसारखं गिऱ्हाईक उरलं नाही, आणि नवी जोडी घेणं त्यामुळे आणखी अवघड झालं.

शेणखत घटलं, जमिनीचा कस उतरला, ही तक्रार मात्र खरी आहे. पण तो दोष आळसाचा नाही.

राहिलं 'सगळं यंत्र करतं'. बीडकडची कितीतरी ऊसतोड कुटुंबं आजही बैलगाडी घेऊन कारखान्यांवर जातात. आणि शेतातली कोणती कामं यंत्राकडे गेली ते नीट बघा: नांगरट, पेरणी, मळणी, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या हातातली. निंदणीला तणनाशक आलं, तरी खुरपं सुटलेलं नाही. कापूस तर आजही बायकाच वेचतात, कमरेला ओटी बांधून, उन्हात, पाठ वाकवून. बहुतेक ठिकाणी मजुरी किलोवर मिळते. बोटं थांबली की पैसे थांबतात. पांढऱ्या सोन्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी या बायकांना 'बसून खाणाऱ्या' गावात मोजावं, हे मला सहन होत नाही.