औषधाला हो, दुकानाला जागा नाही

सुहास महिनाभरासाठी सॅन होजेहून आलाय, त्यामुळे टपरीशेजारचा आमचा कट्टा सध्या रोज भरतो. परवा बोलता बोलता त्याने तिकडच्या ओळखीतल्या एका बाईंचं सांगितलं. केमो चालू आहे, उलट्या थांबत नाहीत, डॉक्टरांनी गांजाची शिफारस लिहून दिली. कॅलिफोर्नियाचा कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण त्या राहतात त्या गावात दुकान काढायलाच बंदी. आजारी बाईने गाडीतून दुसऱ्या शहरात जायचं.

"बंदी योग्यच आहे," मेधा म्हणाली. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथे बायकांनी मतदानात आडवी बाटली करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं, आणि तिची आई त्यात पुढे होती. "माझ्या गावात काय विकायचं हे मुंबईत बसून ठरवणार का?"

मी म्हटलं, दारूचं ठीक आहे, पण नंदूचं मेडिकल बंद करायला कुणी मतदान घेतं का?

नंदू याचीच वाट बघत होता. "माझी तुलना नको. भिंतीवर फॉर्म 20 आणि 21 चे परवाने लावलेत, दुकान 10 चौरस मीटरपेक्षा कमी चालत नाही, एच-1 या कडक यादीतल्या प्रत्येक गोळीची रजिस्टरमध्ये नोंद. तिकडचा डॉक्टर प्रिस्क्रिप्शन तरी देतो का?"

नाही देत, हे सुहासने मान्य केलं. केंद्राच्या कायद्यात गांजा निषिद्ध असल्यामुळे डॉक्टर फक्त शिफारस करू शकतो. किती घ्यायचं, किती वेळा, हे त्या कागदावर नसलं तरी चालतं.

"मग ड्रोनॅबिनॉलची, म्हणजे गांजातल्याच द्रव्याची, कॅप्सूल घ्या ना! 1985 पासून मंजूर आहे, केमोच्या मळमळीसाठीच."

"ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही त्याच्या पोटात कॅप्सूल कशी ठरेल?" सुहासने विचारलं. नंदू गप्प झाला नाही, पण आवाज उतरला.

मग सुहासने मागचं सगळं सांगितलं. 1996 मध्ये लोकांनी थेट मतदान करून प्रॉपोझिशन 215 मंजूर केलं आणि आजाऱ्याला गांजा लावायची, बाळगायची मुभा मिळाली. दुकानाबद्दल त्यात काहीच नव्हतं. रिव्हरसाइड शहराने झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल या नियमांत, असं दुकान निषिद्ध ठरवलं, वर त्याला सार्वजनिक उपद्रव म्हटलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे 2013 मध्ये निकाल लागला, तोही एकमताने: राज्याने आजाऱ्याला शिक्षेतून सोडवलंय, शहराने दुकानाला जागा द्यावी असं कुठेही म्हटलेलं नाही.

"बघ!" मेधा म्हणाली.

निकाल कायद्याला धरून असेल, पण मला तो सलतो. राज्य म्हणतं घे, शहर म्हणतं इथे नाही, शेजारचं शहरही तेच म्हणतं, आणि प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी रीतसर. नकाशावर सगळीकडे लाल रेघ मारून झाली की त्या बाईंच्या हातातल्या कागदाचा उपयोग काय? सोयीसाठी भांडणाऱ्यांची मला एवढी काळजी नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याची आहे.

पुढे 2018 पासून राज्याचे परवाने सुरू झाले, पण स्थानिक नियमात बसत नसेल तर राज्यही परवाना देत नाही. शाळा, पाळणाघर, मुलांचं केंद्र यांपासून 600 फूट अंतर, म्हणजे साधारण 183 मीटर, आणि तेही शहर आपल्या मनाने बदलू शकतं. सॅन होजेने दुकानांवर बंदी आणली नाही, औद्योगिक पट्ट्यात ढकलली. सुहास एकदा कुणाला घेऊन गेला होता: आजूबाजूला गॅरेज, गोदामं, दारात ओळखपत्र बघणारा रखवालदार, आत कॅमेरे, आणि माल लहान मुलाला उघडता येणार नाही अशा पाकिटात.

"एवढा बंदोबस्त असेल तर शाळेपासून लांब ठेवा म्हणणाऱ्यांचं काय चुकलं?" मेधाने विचारलं.

काहीच नाही. कुठे, किती लांब, किती वाजेपर्यंत, हे गावाने जरूर ठरवावं. अजिबात नको, हे मात्र औषधाच्या बाबतीत गावाच्या हाती असू नये, असं माझं ठाम मत आहे. तिकडे अखेर तसंच काहीसं झालं. 2022 मध्ये राज्याचे सिनेटर स्कॉट वीनर यांचं एसबी 1186 हे विधेयक मंजूर झालं, आणि 1 जानेवारी 2024 पासून वैद्यकीय गांजाची घरपोच सेवा कुठल्याही शहराला बंद करता येत नाही. दुकान नाकारायचा हक्क शहराकडे राहिला, पण दारापर्यंत येणारी गाडी अडवायचा गेला.

मेधाला हे पूर्ण पटलं नाही. "आज गाडी, उद्या दुकान. आमच्याकडेही एका परमिट रूमपासूनच सुरुवात झाली होती." तिची भीती खोटी नाही, कारण तिने ते गाव पाहिलंय. पण परमिट रूमला कुणी केमोनंतर जात नाही.

नंदूचा प्रश्न वेगळाच. "गाडीतून येतं त्यावर बॅच नंबर असतो?"

"असतो. परवानाधारक माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय विकता येत नाही."

"मग माझं अर्धं भांडण मिटलं," नंदू म्हणाला. "उरलेलं डोसचं. ते मी त्या डॉक्टरशी भांडेन."