चाळीस दारं, किल्ली एक

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढणं चालू होतं, तेवढ्यात सर आले. हातात पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी कुलपात ठेवणाऱ्या ॲपचं परिपत्रक. ई-मेलनं आलेलं परिपत्रक छापून, चार घड्या घालून खिशात ठेवणारा माणूस त्याबद्दल काय बोलणार, हे आम्हाला तिथंच कळलं.

"वाचलंत का बापू? आता विद्यापीठ आपले पासवर्डही सांभाळणार म्हणे!"

(कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही. बापूंची पेन्शन अजून यायची आहे.)

बापू तिथंच परीक्षा विभागात. ग्लास ओठाला लावूनच म्हणाले, "विद्यापीठ न्हाई ओ सांभाळत, ॲप सांभाळतंय. विद्यापीठानं नुसतं पैसे भरल्यात."

"म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात! आणि जुडगाच गेला तर?"

"तुमच्याकडं जुडगा हाय कुठं? दारं चाळीस अन् किल्ली एक. नातवाचं नाव, पुढं ॲट, पुढं एक-दोन-तीन."

सरांचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलवर गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दर सेमिस्टरला सांगताय. गुण भरायच्या शेवटच्या रात्री 'बापू, तेवढं भरून टाका' म्हणून फोन कुणाचा येतोय?"

इथं मी उघडपणे बापूंच्या बाजूचा. आमच्याकडं पासवर्ड म्हणजे ऑफिसातला पाण्याचा तांब्या, येईल त्यानं तोंडाला लावायचा. यंत्रात नाव सरांचं, बोटं बापूंची. उद्या एखाद्या पोराचे गुण इकडचे तिकडे झाले तर चौकशीत कोण उभा राहणार? सर तर नक्कीच नाहीत, ते त्या दिवशी चर्चासत्राला असतात.

"मी पूर्वी सगळं डायरीत लिहीत होतो," सरांनी व्याख्यानाचा आवाज लावला. "डायरी कुणीही हॅक करू शकत नाही."

दाजी तासाभरात पहिल्यांदा बोलले. "पंचगंगेनं केली की. २०१९ ला."

त्या महापुरात सरांच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं होतं. पुढं आठवडाभर गच्चीवर दोरीला चिमटे लावून डायरीची पानं वाळत होती, शाई सगळी उतरलेली. नातवाचा पासवर्ड तेव्हापासूनचा.

सरांनी मग हुकमाचं पान टाकलं. "२०२२ मध्ये लास्टपास नावाच्या असल्याच ॲपचं काय झालं? चोरांनी पासवर्डच्या तिजोऱ्याच नेल्या ना?"

बापूंचा पुतण्या अभ्या पुण्याहून सुट्टीला आलाय, त्याला कंठ फुटला. "नेल्या, सर. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच नेल्या. साइटचे पत्ते त्यात उघडेच होते, ते वाईटच. पण पासवर्ड कुलूपबंद होते, आणि त्याची किल्ली कंपनीकडं नसतेच. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता, त्यांच्या पोटात गोळा आला."

"म्हणजे नातू, ॲट, एक-दोन-तीन वाल्यांच्या," बापू.

"पण आतलं कुणी बघितलंय?"

"बिटवॉर्डनसारख्या ॲपचा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हशीतलं तरी काय कळतंय?" बापूंनी ग्लासानं समोर दाखवलं. "पण चारचौघांदेखत धार काढायला लागला की पाणी घालायला हात धजत न्हाई."

यावर गवळ्यानंही मान हलवली. सर तेवढ्यापुरते गप्प.

अभ्यानं आणखी एक सांगितलं, ते मला जास्त पटलं. मागं ऑफिसात 'तुमचं खातं बंद होणार' असा मेल आला होता, खाली हुबेहूब लॉगिनचं पान. दोघांनी इमानेइतबारे पासवर्ड भरला. (त्यातले एक आत्ता आमच्यासमोर मिशीला लागलेला फेस पुसत होते.) माणूस पानाचा चेहरा बघतो, ॲप पत्ता बघतं. पत्त्यात एक अक्षर इकडं तिकडं असलं तर ते आपणहून पासवर्ड भरतच नाही.

"आणि दर तीन महिन्यांनी बदलायचं लफडं?" मी विचारलं.

"तो नियम अमेरिकेतल्या ज्या बिल बर् नावाच्या माणसानं २००३ मध्ये लिहिला, त्यानं २०१७ मध्ये 'चुकलंच माझं' म्हणून कबुली दिली."

"बघा सर, चुकलं म्हणायला चौदा वर्षं लागली, पण म्हणाला," बापू. "तुमच्याकडं तर माझी सायकल १९८८ पासून हाय."

सायकलीवर दहा मिनिटं गेली. ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

शेवटी सर म्हणाले, "बरं, मुख्य पासवर्ड कसला ठेवायचा?"

"एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द. तेवढे विसरू नका, कंपनीलाही ते सांगता येत नाहीत. सुचवा बघू."

"रस्सा," दाजी.

"खोबरं," मी.

"तीळ," सर, गंभीरपणे.

"कांदा. जरा भाजून," बापू.

अभ्यानं कपाळावर हात मारला. "वाटण झालं हे! माणसाला असंबद्ध सुचतच नाही, म्हणून तर डाइसवेअर आहे. ७,७७६ शब्दांची यादी. फासा पाच वेळा टाकायचा, पाच आकडे जुळवून एक शब्द मिळतो. परत पाच वेळा, दुसरा शब्द."

"फासा सरांच्या हातात देऊ नगा," बापू उसळले. "गगनबावड्याच्या सहलीत लुडोत लागोपाठ चार सहा पाडले होते यांनी! पन्नास रुपये गेल्यात माझे."

"खोटं!" सर उठून उभे राहिले. "मी फासा टाकलाच नव्हता. मला झोप येत होती, 'माझं तेवढं टाका' म्हणून मी दाजींना सांगितलं होतं!"

एक क्षण कुणी बोललं नाही. मग दाजींच्या नाकातून दूध आलं. त्या गडबडीत ग्लास कलंडला आणि सरांचं परिपत्रक भिजलं.

"वाळत घाला," बापू म्हणाले, "चिमटे हायतच तुमच्याकडं."