हेवी लायसन संपत आलंय? मग हे वाचाच

हेवी लायसनची, म्हणजे ट्रक-बस चालवायच्या परवान्याची, तारीख जवळ आली का भाऊ? अभिनंदन. मी नुकताच त्या वाटेनं जाऊन आलोय, तेव्हा चार युक्त्या फुकट सांगतो.

आधी अर्ज करायच्या भानगडीत पडू नका. कायदा वर्षभर आधी करू देतो, पण इतकी घाई बरी नव्हे.

तारीख उलटली तरी बिनधास्त गाडी काढा. तीस दिवसांची सूट असते, असं ढाब्यावर कोणीतरी छातीठोकपणे सांगेलच. ती मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीत गेली, हे पाच हजारांची पावती फाटली की कळतं. वर्ष उलटू दिलंत तर पुन्हा टेस्ट. जन्म ट्रकवर गेला असला तरी.

सर्व्हरला नावं ठेवू नका. फेब्रुवारी 2024मध्ये लायसनचं ऑनलाइन पोर्टल बसलं, तेव्हा 31 जानेवारी ते 15 फेब्रुवारीदरम्यान संपलेल्या लायसनांना सरकारनं 29 फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली होती. त्यांचं मशीन बसलं की तारीख सरकते. आपल्या गावची लाईन गेली तर आपलं नशीब.

अपलोड करायचा फोटो ठरलेल्या केबीत बसवून घ्या. चेहरा ओळखू आला नाही तरी चालेल.

मेडिकल सर्टिफिकेटसाठी मात्र गावातल्या डॉक्टरकडे मुळीच जाऊ नका. तुमचा मोतीबिंदू त्यानंच आधी पाहिलेला असतो, म्हणजे तो अगदीच निरुपयोगी. लागतो एमबीबीएस, आणि तोही पोर्टलवर आयडी असलेला. पीएचसीतल्या (सरकारी आरोग्य केंद्रातल्या) डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "माहा आयडी नाही काढला भाऊ अजून." मग जिल्ह्याला जा. तिथं आरटीओ ऑफिससमोरच्या टपरीवर एक पोरगा बसलेला असतो, त्याला आधार नंबर द्या, पैसे द्या. डॉक्टर? डॉक्टर कशाला? पोरगा फोन लावतो, चहा येतो, आणि चहा संपायच्या आत तुमचे डोळे ठणठणीत! माझ्या बाजूला एक काका होते, समोरचा फीचा बोर्ड मला वाचून दाखवायला लावत होते. तेही पास. हेवी लायसनवाले!

काय चाललंय हे? कापसाच्या सीझनला जिनिंगच्या रस्त्यावर अंधारात बिना रिफ्लेक्टरच्या बैलबंड्या असतात. बंडीवर माणसं बसलेली असतात. त्या काकांना त्या दिसणार आहेत का? डोळे तपासायचा नियम चांगलाच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आरटीओवाल्यांनो, तुम्ही आधार तपासता, सही तपासता, केबी तपासता, अन् डोळे तेवढे सोडून देता! लाज नाही वाटत? तालुक्याच्या रेस्ट हाऊसवर तुमचा कॅम्प लागते ना? त्याच टेबलाशेजारी एक डॉक्टर बसवा, भिंतीला अक्षरांचा तक्ता लावा. ज्याला वाचता येत नाही त्याला घरी पाठवा, मी असलो तरी. आणि त्या काकांना तेवढं सांगा, मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होते.