वाळलं का?

माझ्या होडीच्या तळाला, डाव्या कडेपासून वीतभर आत, एक अंगठा उमटलेला आहे. उजव्या हाताचा, चांगला रुंद. खरेदीखतावर उमटवतात तसा स्वच्छ, रेघ न् रेघ मोजून घ्यावी. अंगठा माझा नाही. होडी माझी आहे, निदान परवा रविवारी दुपारी चारपर्यंत होती.

होडी म्हणजे आठ फुटांची, प्लायवूडची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन घोड्यांवर उपडी घातलेली. का बांधतोय ते विचारू नका, बायकोचं विचारून झालंय. तिच्या माहेरी, आंजर्ल्याच्या खाडीत सोडायची, एवढं ठरलंय. पद्धत सोपी आहे असं वाचलं होतं. प्लाय कापायचा, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन पातळ पदार्थ मिसळले की दगडासारखा होणारा चिकटा, आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून लिंपण भरायचं, तारा काढायच्या आणि वरून काचकापड, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, त्याच इपॉक्सीत भिजवून चढवायचं. १९६३ साली इंग्लंडात एका वर्तमानपत्राने या रीतीची ‘मिरर’ नावाची होडी घरी बांधायला म्हणून बाजारात आणली आणि तिथल्या लोकांनी ती हजारोंनी आपापल्या गॅरेजात बांधली. त्या गॅरेजांना दार होतं. दाराला आतून कडी होती. हा मुद्दा माझ्या फार उशिरा ध्यानात आला.

आमच्या पार्किंगला दार नाही आणि बी विंगमधल्या काकांना उद्योग नाही. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. “पस्तीस वर्षं पाण्यात काढलीत मी,” असं ते दर दोन वाक्यांमागे सांगतात. ती पाणी अडवण्यात काढली, त्यावर तरंगण्यात नव्हे, हे मी त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.

त्या दिवशी मी तळाच्या काचकापडासाठी इपॉक्सी मोजत होतो. दोन वाट्या रेझिन, एक वाटी हार्डनर. पहिली वाटी रेझिन डब्यात ओतली आणि मागून आवाज आला.

“दुरुस्तीला आलीय का?”

“नाही काका, नवीन आहे. बांधतोय.”

“नवीन?” त्यांनी होडीला एक प्रदक्षिणा घातली. “मग ठिगळं कशी?”

“ती ठिगळं नाहीत, सांधे आहेत.”

“तो सांधा आहे. हे ठिगळ आहे.”

ते ठिगळच होतं. एक फळी मी उलटी कापली होती, त्यामुळे मध्यंतरी माझ्या होडीला दोन डाव्या बाजू होत्या. पण हे पस्तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला कशाला सांगा?

“किती माणसं बसणार?”

“दोन.”

“आणि पाणी उपसणारा?”

यावर उत्तर शोधता शोधता मी हार्डनरची वाटी ओतली, ढवळलं आणि ब्रश फिरवायला घेतला. रेझिनची दुसरी वाटी स्टुलावर तशीच भरलेली होती. ती मला रात्री साडेअकराला, अंथरुणात आठवली.

आता इथे थोडं रसायन सहन करा, मला त्याची फार किंमत पडली आहे. गाडीला लांबी भरणारे लांबीत चिमूटभर हार्डनरची पेस्ट कालवतात, ती कमीजास्त झाली तरी फक्त वेळ मागेपुढे होतो. इपॉक्सीचं तसं नाही. इथे हार्डनर म्हणजे लग्नातला भटजी नव्हे, दुसरा पक्षच तो. रेझिनच्या रेणूंशी त्याच्या जोड्या लागतात. दुप्पट हार्डनर घातला की निम्मं वऱ्हाड बिनलग्नाचं मांडवात लोंबकळत राहतं, आणि ते कधीही घरी जात नाही. आज नाही, पुढल्या दिवाळीतही नाही. वरून आणखी हार्डनर ओतायचा सल्ला आमच्या सुताराने दिला. म्हणजे मांडवात आणखी नवरदेव.

सकाळी तळ फसलेल्या चिक्कीच्या पाकासारखा झाला होता. बोट लावलं की तार निघे. काका खाली हजर. “वाळलं का?” मंगळवारी, “वाळलं का?” बुधवारी त्यांनी टाल्कम पावडर आणून दिली. कॅरमला लावतात तशी चोळा म्हणाले. गुरुवारी वर्तमानपत्राचं कात्रण. अजिंठ्याच्या चित्रावरून नौदलाने अख्खं जहाज काथ्याने शिवून घेतलं, ‘कौंडिण्य’ नाव, २०२५च्या मे महिन्यात कारवारला दाखलही झालं. “एक खिळा नाही त्यात,” काका म्हणाले आणि माझ्या ठिगळाकडे बघत राहिले. जहाज सुंदरच आहे, वाद नाही. पण ते शिवणाऱ्यांना टाके मोजताना कोणी ‘किती माणसं बसणार’ विचारत नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

मग दुरुस्ती. हीटगनने चटका द्यायचा, कापड सैल झालं की कोपऱ्यातून धरून सोलायचं. दुधावरची साय निघते तसं निघेल असं वाटलं होतं. ते जुन्या पायताणाचा तळ उसवावा तसं निघालं. खालचा चिकटा खरवडायला पटाशी घेतली तर ती प्लायमध्ये रुतते, म्हणून घरातलं उलथणं आणलं. ते आता घरात परत घेत नाहीत. त्यावर थिनरचे बोळे, त्यावर पॉलिश पेपर. सलग तीन संध्याकाळी. पेपर चार फटक्यांत भरून येतो, फेकायचा, दुसरा घ्यायचा. खांदा अजून वर जात नाही. खर्चाचा आकडा घरात उच्चारलेला नाही, इथेही उच्चारणार नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, वाळलं का? ‘हात लावू का’ किंवा ‘एक टोक धरू का’ असं कोणी विचारलं असतं तर मी त्याला होडीत पहिला बसवला असता. बायकोने विचारलं होतं, पण ते उलथण्याबद्दल.

रविवारी दुसरं कापड चढवलं. रेझिनची पहिली वाटी, दुसरी वाटी, हार्डनरची एक. मोठ्याने मोजत. वॉचमन वेड्यासारखा बघत होता. तीन तासांनी तळ आरशासारखा, खालच्या प्लायचे रेषे लखलख दिसत होते. मी वीस मिनिटांसाठी चहाला वर गेलो.

खाली आलो तेव्हा काका अंगठा रुमालाला पुसत उभे होते.

“अजून वाळलं नाहीये,” ते म्हणाले. “म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

ठसा घासून काढायचा तर आधी तो कडक होऊ द्यावा लागतो. मग या पावसाळी हवेत वर जो तेलकट थर येतो तो साध्या पाण्याने धुवायचा, मग घासायचं, मग पुन्हा एक हात. म्हणजे पुढचा रविवारही गेला. काल संध्याकाळी बादली आणि पेपर घेऊन उतरलो तर काका आधीच तिथे. सोबत पाहुणे. काका ठशावर बोट ठेवून काहीतरी समजावत होते, बहुधा पस्तीस वर्षांविषयी. पाहुण्यांचा नातू टाचा उंचावून बघत होता. त्याच्या हातात अर्धी चिक्की होती आणि दुसरा हात होडीकडे निघालेला होता.