गणपतीत खोली खाली करावी लागेल

2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाखांच्या घरात होती. 2011 ला ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटच. माणसं मुंबईला गेली, घरं इथेच राहिली. कुठल्याही वाडीत जा, दाराला कुलूप, पडवीत पालापाचोळा. आणि अशा जिल्ह्यात पगारदार माणसाला परवडेल अशी भाड्याची जागा मिळत नाही! मी मूळची कुडाळची, म्हणजे काही परकी नव्हे. तरी रत्नागिरीत नोकरी लागली आणि घर शोधताना तोंडाला फेस आला.

मारुती मंदिर, आरोग्य मंदिर, शिवाजीनगर हा भाग पहिल्याच दिवशी सोडून दिला. तिथलं भाडं ऐकून आपण नोकरी घरमालकासाठी करणार की काय असं वाटतं. मग माणूस कुवारबाव, खेडशी, मिरजोळे करत बाहेर सरकतो. तिथे भाडं उतरतं आणि रिक्षाचा खर्च चढतो. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्याने भाड्यात रिक्षाचे पैसे मिळवूनच हिशोब करावा, नाहीतर महिनाअखेरीला स्वस्त खोली महागात पडलेली असते. त्यात 2023 ला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. शहरात विद्यार्थी वाढले की मालकांना कॉट बेसिसचा हिशोब चटकन कळतो: एका खोलीत चार मुलं, डोक्यामागे पैसे. कुटुंबाला तीच खोली देऊन त्यांना काय मिळणार?

समुद्राकडच्या बाजूचं तर बोलूच नका. आरे-वारे, गणपतीपुळे, तिकडे गुहागर, दापोली, खाली मालवण-तारकर्ली. जरा बरी खोली रिकामी झाली की तिला एसी लागतो आणि दारावर होमस्टेची पाटी. दोन शनिवार-रविवारांत पर्यटक जेवढे देऊन जातात तेवढे शाळामास्तर महिनाभर राहून देतो. मालकाचं काय चुकलं? काही नाही. पण त्याच गावात शिक्षकाला, ग्रामसेवकाला, नर्सला मुख्यालयी राहायची सक्ती आहे. राहायचं कुठे, शाळेच्या व्हरांड्यात? मग ती माणसं तालुक्याहून रोज एसटीने येतात आणि गाव म्हणतं, बाई वेळेवर येत नाहीत.

बरं, जागा सापडली तरी आधी मुलाखत. आडनाव काय, गाव कुठलं, एकटीच राहणार का, लग्न कधी करणार. आणि मग तो प्रश्न, जो ऐकून मला प्रत्येक वेळी हसू येतं: मासे खाता का? अहो, खिडकीतून समुद्र दिसतोय! पण माझी हसण्यावारी सुटका झाली. माझ्याबरोबर एक मुसलमान सहकारी जागा शोधत होता. त्याच्यासाठी खोली नेहमी 'कालच गेलेली' असायची. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीसाठी मी फोन केला की ती परत रिकामी. यावर आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

एक कामाची गोष्ट सांगते. आपल्याकडे बदल्या होतात मे-जूनच्या सुमारास, घरं बघितली जातात मे महिन्यात, जेव्हा सगळं खडखडीत कोरडं असतं. जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी पिते, ते जुलैत कळतं. म्हणून पश्चिमेकडच्या भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा नीट बघा. वरचा रंग जुना आणि तेवढाच पट्टा नवा कोरा असेल, तर दरवर्षी तिथे काय होतं ते विचारा. कपाट पुढे ओढायला सांगा, मागे बुरशीचा काळा नकाशा असतो. मे महिन्याचा एक फायदा मात्र घ्या, विहिरीत वाकून बघा. तेव्हा पाणी असेल तर बारा महिने आहे. मालक 'टँकर येतो ना' म्हणाले तर टँकरचे पैसे कोण देतं तेही तिथेच ठरवा.

तर नाचणे गावाच्या पुढे एका आजोबांचं घर मला फार आवडलं होतं. चिऱ्याचं, मागे दोन हापूस, स्वतंत्र दार. भाडंही माझ्या ऐपतीतलं. आजोबांनी कुलूप काढून आत नेलं तर पलंगावर गाद्यांच्या गुंडाळ्या, मुंबईच्या भावाचं स्टीलचं कपाट, त्याला वेगळं कुलूप. म्हणाले, "बाय, सगळं वापर. फक्त गणपतीत आणि मे महिन्यात खोली खाली करावी लागेल. मुंबईकर येतात." मी म्हटलं, आजोबा, मी कुठे जाऊ तेव्हा? तर ते म्हणाले, "तू पण गणपतीला घरी जाशीलच की!" (यावर खरंच उत्तर नव्हतं.) करारपत्राचं विचारलं तर चेहराच बदलला. "कागद नको. आमच्या काकांची शेती अशीच कुळाकडे गेली."

इथेच कोकणातली निम्मी घरं अडकली आहेत असं माझं मत आहे. कूळ कायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. ते योग्यच झालं, पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात ती धास्ती तिसऱ्या पिढीपर्यंत आली. फक्त तो कायदा शेतजमिनीचा आहे आणि राहत्या खोलीचा कायदा अगदी वेगळा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक काळ जागा वापरायला देण्याच्या कराराची) मुदत संपली की जागा सोडावी लागते. नाही सोडली तर मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर भांडण झालं तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. म्हणजे आजोबा ज्या कागदाला घाबरत होते तोच त्यांना वाचवणार होता. खर्च तरी किती? महिना सात हजार भाड्याने अकरा महिन्यांचे 77 हजार, त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे दोनशेच्या आसपास. नोंदणी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

डिपॉझिटचंही तसंच. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. तेवढी माझ्या मते पुरे. सहा महिन्यांचे पैसे एकरकमी ज्याच्याकडे असतात तो भाड्याने कशाला राहील?

उरली सामाईक घरं. घरपट्टी एकाच्या नावावर, वारसाला सात, त्यातला एक बोरिवलीला आणि एक कोणाशी बोलतच नाही. सही कोण करणार? तिथे कायदा पुरत नाही. गणपतीत सगळे एका माटवीखाली (मूर्तीवर टांगलेल्या सजावटीच्या चौकटीखाली) असतात, तेव्हा आरती झाल्यावर पंधरा मिनिटं बसून एका भावाला मुखत्यारपत्र द्या. घर वापरात राहिलं तर कौलं फिरवली जातील, वाळवी लक्षात येईल, वर चार पैसे येतील.

मला शेवटी साळवी स्टॉपजवळ जागा मिळाली, एका किराणावाल्या काकांच्या ओळखीने. एजंटला एक महिन्याचं भाडं देण्याआधी किराणावाला, पेपरवाला आणि रिक्षा स्टँड, तिघांना विचारून बघा.

आणि पुढच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये लांज्याची एक मुलगी येते आहे. नाचणे ते कुवारबाव कुठेही एक खोली, मोरी आतली, करार नोंदवणारे मालक. सात हजारांपर्यंत. गणपतीत ती घरीच जाते, पण सामान तिथेच राहील. आणि हो, मासे खाते.